नेमकं कशासाठी हवंय?

अक्षता फोन आला की उठून जिन्यात जायला लागली, तेव्हाच सुगंधाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. मुलुंड पूर्वेच्या त्या वाचनालयात नोकरीला माणसं दोनच. ग्रंथपाल सुगंधाबाई सावंत आणि त्यांच्या हाताखालची अक्षता कांबळे. दोघींची टेबलं एकमेकींना चिकटलेली. आजवर आईच्या गुडघ्यापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत अक्षताचं सगळं बाईंच्या कानावर पडायचं. मग आताच असं कोणतं गुपित निघालं, की त्याला जिना लागावा?

पाल उगाच चुकचुकली नव्हती म्हणा. वाचनालयाची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली होती. नव्या इमारतीत मिळणार होती एक खोली. कपाटं कमी, कॉम्प्युटर जास्त आणि माणूस एकच. ट्रस्टचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशभाई दोघींना समोर बसवून म्हणाले होते, "आपण कोणाची बाजू घेणार नाय. ज्यांना पाहिजे त्यांनी माझ्याकडे नाव द्या, बाहेरची एजन्सी बघेल." बाईंनी त्याच दुपारी नाव दिलं. पन्नाशी उंबऱ्यावर आलेली, उमेदीची वर्षं सगळी इथेच गेलेली. ही खोली गेली तर घरी बसायचं, दुसरं काही नाही. अक्षता तिशीची, एम.लिब. झालेली, कॉम्प्युटरवर हात बसलेला. एजन्सीने कुणाला उचलावं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून बाईंनी पाळत ठेवली. आणि पाळत ठेवणाऱ्याला काही ना काही सापडतंच. अक्षताने घरी नेलेली पुस्तकं बाईंच्याच हाताखालून जायची. आधी इंग्रजीतून मुलाखत कशी द्यावी, मग डिजिटल संग्रह कसा सांभाळावा. म्हणजे नव्या खोलीची तयारी. वर दुपारी डबा खाताना अक्षता सहज म्हणावं तशी म्हणते कशी, "मॅडम, तुम्ही कधी बाहेर बघितलंच नाही ना? बीकेसीतल्या वकिलांच्या ऑफिसांना आपल्यासारखी माणसं लागतात. हॉस्पिटलवाल्यांना लागतात, टीव्हीवाल्यांना जुनं फुटेज लावून ठेवायला लागतात. लायब्ररी सायन्स म्हणजे फक्त पुस्तकांची धूळ झटकणं थोडंच आहे?"

"मला बाहेरचा रस्ता दाखवतेस होय?" बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो," असं म्हणून अक्षताने त्यांना सोलकढी पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही.

घरी नवऱ्याला, लवूला, हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. लवू पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "अगो, तिकाच इचार ना एकदा."

"चोर काय विचारलं की कबूल होतो?" बाई फणकारल्या.

आता गंमत बघा. विचारणं हा तर बाईंचा हातखंडा. कोणी कायद्याचं पुस्तक मागितलं, की त्या कपाटाकडे वळत नसत. आधी विचारत, "नेमकं कशासाठी हवंय?" मग कळायचं, की वरच्या मजल्यावरच्यांच्या कुंड्यांतलं पाणी याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंय. त्याला कायदा नको असे, सोसायटीच्या उपविधींची पुस्तिका हवी असे. वाचक मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, हे अक्षताला त्यांनीच शिकवलं होतं. अख्ख्या मुलुंडला हा प्रश्न विचारून झाला होता. शेजारच्या टेबलाला तेवढा विचारायचा राहिला होता.

शुक्रवारी अक्षता परतीची पुस्तकं लावायला आतल्या खोलीत गेली होती, तेव्हा टेबलावरचा फोन वाजला.

"सावंत मॅडम का? मी देवेश बोलतोय. अक्षता कांबळेंच्या निवडीबद्दल जरा विचारायचं होतं. शेवटच्या दोघांत त्यांचं नाव आहे."

शेवटच्या दोघांत. दुसरं नाव कुणाचं, हे बाईंना सांगावं लागलं नाही. एजन्सी ती हीच. म्हणजे पोरीने नाव दिलंय आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. बाईंचं अंग रागाने तापलं.

"मुलगी हुशार आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण भरवसा नाही ठेवता येत. सगळं लपूनछपून चालतं तिचं."

पलीकडच्या माणसाने आभार मानले आणि फोन ठेवला. बाईंना वाटलं होतं, मोकळं वाटेल. पण तसं काही झालं नाही.

सोमवारी अक्षता उशिरा आली. डोळे सुजलेले. पर्स टेबलावर ठेवून बसली ती बसलीच.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"माझी नोकरी गेली, मॅडम. म्हणजे मिळता मिळता गेली. अंधेरीला एका चॅनलच्या फुटेज लायब्ररीत. मुलाखत मस्त झाली होती. देवेश म्हणून तिथले साहेब आहेत, ते म्हणाले, रेफरन्स बरा आला नाही." तिने नाक पुसलं. "मी तर एकच नंबर दिला होता. इथला."

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "अंधेरीला? मग इथल्या खोलीसाठी..."

"इथे मी नावच नव्हतं दिलं. ती खोली तुमची आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला जाऊ दिलं असतंत? 'तू राहा, मी बसते घरी' असंच म्हणाला असतात. मला माहीत आहे ना तुमचा स्वभाव. त्यांचा फोन आला की कळलं असतंच, पण तोवर सगळं ठरत आलेलं असतं."

असा स्वभाव आपला कधी होता, हे बाईंना आठवेना. लाज वाटली, इतकी की समोर बघवेना.

"मीच बोलले त्यांच्याशी," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, एजन्सीवालाच आहे. वाटलं, तू माझ्या जागेवर टपलीयस. मी आत्ता फोन करते त्यांना, खरं काय ते सांगते."

"त्यांनी दुसरीला घेतलं, मॅडम. आज जॉइन झाली ती."

अक्षताने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?" ती म्हणाली. "नेमकं कशासाठी हवंय?"

बाईंनी मान हलवली. नाही.

अक्षताने डोळे पुसले, ओढणी नीट केली आणि मोबाइल उचलला. बाईंना वाटलं, आता जिन्यात जाईल. ती जागची हलली नाही. तिथेच, बाईंच्या कोपराशेजारी बसून तिने नंबर लावला.

"चंद्रप्रकाशभाई, अक्षता बोलतेय. त्या एजन्सीला माझंही नाव द्या."