पडद्याची झोळी आणि मानेतली सुई

मी एक जुनी झोळी आहे. धान्य मागायची नव्हे, मित्रांनो. दुखरा हात गळ्यात अडकवायची. हरिदासभाऊंच्या धाकट्या लेकीचं, संघप्रियेचं, लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षीच्या धानकापणीनंतर मी जन्मले. त्याआधी मी पडदा होते. वडश्याच्या एका नाटक कंपनीत राजाच्या दरबारामागे मी जांभळी मखमल होऊन टांगलेली असे. माझ्यासमोर कितीतरी राजे गादीवर बसले आणि मारले गेले. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा तोरा आहे, तो सांभाळून घ्या.

हरिदासभाऊ त्या कंपनीतले खलनायक. त्यांचा आवाज असा, की ते दरबारात हसले तर मांडवाबाहेर बांधलेले बैल उठून उभे राहत. लटारूभाऊ नायक. स्टेजवर दोघे वैरी, खाली उतरले की एका ताटात जेवणारे. पण पोस्टरवर कोणाचं नाव मोठं, यावरून दोघांची दर हिवाळ्यात कुरबुर चाले.

आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या, नाटकात खलनायकानं लवकर मरून चालत नाही. लवकर मेला तर लोक रुसतात. हरिदासभाऊ तर फारच सावकाश मरत. तलवार लागली की आधी हसत, मग शाप देत, मग मागे मागे सरकत पुन्हा हसत. एका दुपारी कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, फळ्यांचं स्टेज मांडून तालीम चालली होती. भाऊ मरत मरत मागे सरकले, लटारूभाऊ तलवार घेऊन त्यांच्या मागे गेले, आणि फळ्या संपल्या हे दोघांपैकी कोणालाच कळलं नाही. दोघे एकमेकांवर बांधीत पडले. हरिदासभाऊंचा डावा खांदा गेला, लटारूभाऊंचा उजवा.

कंपनीचे कपडे शिवणारी भागीरथाबाई धावत आली. तिनं कात्री काढली, मला टराटरा फाडलं आणि पाहता पाहता दोन झोळ्या शिवल्या. एक मी, दुसरी माझी बहीण. तिच्या नशिबी लटारूभाऊंचा हात आला, माझ्या नशिबी खलनायकाचा. पडद्याला अशी बढती क्वचितच मिळते.

जिल्ह्याच्या एका दवाखान्यात दोघांच्या खांद्यांची ऑपरेशनं ठरली, तीही एकाच दिवशी. भूल देणाऱ्या डॉक्टर रीता दोघांशी बोलायला आल्या. म्हणाल्या, "भूल उतरल्यावर खांदा फार दुखतो. म्हणून आधीच सुई देऊन तिथल्या नसा झोपवून ठेवतो. हे काम दोन तऱ्हांनी होतं. एक सुई मानेच्या बाजूला. तिनं खांदा आणि हात, दोन्ही सुन्न होतात, दुखणं जवळजवळ कळत नाही. पण तिच्यामुळे एखादा दिवस आवाज बसू शकतो, पापणी जड होते, आणि छातीखालचा श्वासाचा पडदा त्या बाजूनं झोपतो."

माणसाच्या आतही पडदा असतो हे मला त्या दिवशी कळलं. ऊर भरून आला.

"दुसरी तऱ्हा म्हणजे दोन छोट्या सुया. एक खांद्याच्या पाठीमागे, एक दंडाच्या मागे. त्यानं खांदाच सुन्न होतो, बोटं हलत राहतात, श्वासाला धोका कमी. दुखणं मात्र थोडं जाणवतं. लटारूभाऊ, तुमची छाती बिडीनं आधीच थकलीय. तुम्हाला या छोट्याच. हरिदासभाऊ, तुमचं पोट आवाजावर चालतं. तुम्हीही छोट्याच घ्या, असं मला वाटतं."

हरिदासभाऊंनी लटारूभाऊंकडे पाहिलं. "बाई, नायकाले छोटी देता तर द्या. मले मोठी पाहिजे."

"यात मोठी-छोटी असं काही नाही, भाऊ."

"पोस्टरच्या येळी बी असंच सांगतेत," भाऊ म्हणाले.

ठमाबाई, म्हणजे भाऊंची बायको, पदरानं वारा घेत बसली होती. ती म्हणाली, "बाई, द्या त्याईले मोठीच. घरी दोन दिवस शांती तं राहीन."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा समजावलं. भाऊंनी पुन्हा एकदा मोठीच मागितली. मग सुईच्या वेळी मला सलाईनच्या दांड्याला अडकवलं, म्हणून मी सगळं पाहिलं. बाईंनी मानेवर थंड चिकट काहीतरी लावून यंत्राचा तुकडा ठेवला आणि पडद्यावर नसा शोधू लागल्या. भाऊंनी डोळे तिरपे करून विचारलं, "बाई, ह्या मशीनवर तं बायाईच्या पोटातलं पोरगं पाह्यतेत. माह्या मानेत कोण निंगालं?"

"नायिका," बाई म्हणाल्या. "हलू नका."

ऑपरेशनं चांगली झाली. संध्याकाळी दोघे शेजारी शेजारी खाटांवर होते आणि सुयांची तुलना सुरू झाली.

लटारूभाऊ मधूनमधून कण्हत होते, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं चालत होती. त्या बोटांनी ते शेंगा फोडून खात होते. हरिदासभाऊंना कण्हायची गरजच नव्हती. त्यांनी पांघरुणात चाचपून पाहिलं आणि कुजबुजले, "ठमे, तुहा हात काढ ना इथून."

"माहा हात माह्यापाशी हाय," ठमाबाई म्हणाली. "तो तुमचाच हाय."

कुजबुजले, असं मी म्हटलं, कारण आवाज उरलाच नव्हता. ज्या गळ्यातून बैल उभे करणारं हसू निघे, त्यातून आता जात्याखालच्या पिठासारखं काहीतरी निघत होतं. डावी पापणीही अर्धी मिटली होती. लटारूभाऊंनी शेंग तोंडात टाकली. "भाऊ, दुखते का?"

भाऊंनी मान हलवली. नाई.

"मले दुखते. पण मले बोलता येते," लटारूभाऊ म्हणाले, आणि मग बराच वेळ बोलतच राहिले.

ठमाबाईनं सुन्न हाताला ऊब द्यावी म्हणून फडक्यात गरम वीट गुंडाळून आणली. बारा बाळंतिणी तिनं अशाच शेकल्या होत्या. मी त्या हाताखाली होते, मला चटका लागला; भाऊंना काहीच लागला नाही. माझ्या मखमलीचा वास सुटला तेव्हा नर्सनं धावत येऊन वीट उचलली. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे. नर्सनं गोळ्याही दिल्या आणि सांगितलं, सुईचा असर उतरायच्या आधी घ्या, उतरल्यावर नाही. लटारूभाऊंनी निमूट घेतल्या. हरिदासभाऊंनी त्या उशीखाली सारल्या. दुखत नाही तर गोळी काऊन, असं त्यांच्या उघड्या डोळ्यात स्पष्ट दिसत होतं.

सकाळी चहाच्या वेळेला कंपनीचे मालक गोपालभाऊ आले. हंगाम तोंडावर होता. हात गळ्यात असलेला खलनायक चालला असता, गादीवर बसून बोलला असता. आवाज नसलेला खलनायक कसा चालणार?

"जयभीम, भाऊ," गोपालभाऊ म्हणाले. मग थबकले. "डोळा काऊन मारून राह्यले?"

हरिदासभाऊ काहीतरी पुटपुटले. गोपालभाऊंनी कान जवळ नेला, मग आणखी जवळ नेला. मग ते सरळ उभे राहिले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आराम करा, भाऊ. या हंगामाले सुकलूले विचारून पाह्यतो. त्याचा गळा बी बरा हाय."

"बाई म्हणल्या, आवाज येते वापस," ठमाबाई म्हणाली.

"येईन ना. पण तालीम तं सोमवारपासून हाय, बाई."

लटारूभाऊंनी शेंगा खाली ठेवल्या. स्टेजवर सुकलूला मारायचं त्यांनाही नको होतं. माझ्या आत ठेवलेला तो हात ओंडक्यासारखा जड होता आणि भाऊंची छाती त्याच्यामागे हळू हळू वरखाली होत होती. हिवाळ्याचं नाटक गेलं तर हा माणूस उन्हाळ्यात नुसता भिंतीकडे पाहत बसेल, हे ठमाबाईला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

तेवढ्यात माझ्या आत करंगळी हलली. मग अंगठा. मला आनंद झाला. मी मूर्ख होते. बोटांच्या मागोमाग खांदाही जागा होत होता, आणि तो रिकाम्या पोटी, गोळीविना जागा होत होता.

भाऊंचा चेहरा आधी विचारात पडल्यासारखा झाला. मग त्यांनी तोंड उघडलं.

"अरे माह्या मायवोऽऽ, मेलो रेऽऽ, ठमे, गोळी दे!"

खिडकीतली चिमणी उडाली. गोपालभाऊंचा चहा सदऱ्यावर सांडला. शेजारच्या वॉर्डातून दोन माणसं पाहायला आली की इथे कोण गेलं. भाऊ ओरडत होते, शाप देत होते, मधूनच स्वतःचा आवाज ऐकून हसत होते आणि हसल्यानं खांदा हलला की पुन्हा ओरडत होते. दरबारात मरायचे तसेच, अगदी तसेच.

गोपालभाऊ स्टुलावर बसले. सदरा झटकत म्हणाले, "सुकलूले राहू द्या."

लटारूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, दवाखान्यात तरी लवकर मरा. लोकं घाबरलेत."

डॉक्टर रीता आल्या, त्यांनी सलाईनमधून औषध दिलं, आणि रागवायचं ते रागवून झाल्यावर ठमाबाईनं विचारलं, "बाई, मंग कोणती सुई चांगली?"

"दोन्ही चांगल्या," बाई म्हणाल्या. "माणूस पाहून सुई निवडायची. पोस्टर पाहून नाही."

त्या हिवाळ्यात हरिदासभाऊ गादीवर बसून नाटक खेळले. जांभळ्या झोळीत हात ठेवलेला राजा पाहून लोकांना वाटलं, हा नवीन दरबारी पोशाख असेल. सावली गावच्या प्रयोगाला तर एकानं भागीरथाबाईला विचारलं की तसा आपल्या मुलाच्या लग्नासाठी शिवून मिळेल का. डॉक्टरीणबाईंनी पडायला बंदी केली होती, म्हणून भाऊ बसल्या जागीच मरत. त्यामुळे मरण आणखीच लांबलं.

पुढे मी गावाच्या उपयोगी पडले. मोहाच्या झाडावरून पडलेला बुधू, रानडुकराला गाडी धडकवलेला कोलू, सगळ्यांचे हात मी सांभाळले. मग कोणी पडेनासं झालं. ठमाबाईनं माझ्यात लसूण भरून मला आढ्याला टांगलं. एकदा मांजरीनं माझ्यात पिल्लं घातली. राजदरबारापासून लसणापर्यंत आले, पण तक्रार नाही. लसूणही एका परीनं भारच आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुखऱ्या अंगाला सगळेच जपतात, कारण ते ओरडून मागतं. सुन्न अंग मागत नाही. त्याला वीट लावू नका, त्याच्यावर झोपू नका, ते गप्प आहे तोवरच त्याची गोळी घ्या. घरातल्या गप्प माणसांनाही हेच लागू असावं, असं लसणात बसून मला वाटतं.

लटारूभाऊंच्या छातीची सगळ्यांना काळजी होती. ते अजून आहेत, आणि माझी बहीण त्यांच्या खुंटीला आहे. हरिदासभाऊ गेल्या फेब्रुवारीत, हंगामाचे दोन प्रयोग बाकी असताना, दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. फार लवकर गेले, असं लटारूभाऊ अंत्यविधीच्या बुद्धवंदनेच्या वेळी म्हणाले.