उपासाची गोळी

मित्रांनो, वायरची पिशवी तुम्ही पाहिली असेल. बहुतेक घरांत ती एखाद्या खुंटीला लसूण पोटात घेऊन लटकत असते. मी त्याच जातीची. हिरवी-पांढरी चौकड्यांची. आता हिरवं कुठलं आणि पांढरं कुठलं हे माझं मलाही सांगता येणार नाही, इतकी मी जुनी झाले आहे. वेल्ह्याच्या पुढे पासली म्हणून गाव आहे, तिथं चिमाजी आणि सगुणाबाई या नवराबायकोच्या घरी माझा सगळा जन्म गेला.

मला सगुणाबाईंनी विणलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी गावातल्या महिला मंडळात वायरकाम शिकवायला वेल्ह्याहून एक बाई यायच्या. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही बरं का. एकेक गाठ बोटांनी खेचून घट्ट करावी लागते, नाहीतर पाच किलो बटाट्यांतच पिशवी ढिली पडते. बाकीच्या बायकांची बोटं दोन दिवसांत सोलवटली आणि त्यांनी नाद सोडला. सगुणाबाईंनी मात्र मला नवव्या दिवशी पुरी केली. शिकवणाऱ्या बाईंनी माझी एक गाठ नखानं ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. "लई ताकद आहे हो तुमच्या बोटांत," त्या म्हणाल्या. कौतुक सगुणाबाईंचं होतं, पण निम्मं मी माझ्याकडे ठेवून घेतलं.

मग मी खूप राबले. वेल्ह्याच्या बाजारातून तेल-मीठ आणलं, लावणीच्या दिवसांत बांधावर भाकऱ्या नेल्या. लेक अश्विनी भोंगवलीला दिली, तेव्हा तिच्या सासरी पहिल्यांदा कुरडया-पापड पोचवले ते मीच. पुढे दुकानदार फुकट पिशव्या द्यायला लागले आणि माझी रवानगी खुंटीवर झाली. पोटात लसूण आला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

माझी आठवण पुन्हा झाली ती सगुणाबाईंच्या दुखण्यामुळे.

आधी दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजली. सकाळी उठलं की मूठ वळेना. ऊन अंगणात येईपर्यंत बोटं तशीच ताठ राहायची. भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना, लुगड्याची गाठ मारता येईना. सगळे म्हणाले, आयुष्यभर चिखलात भात लावला, वात भरला, दुसरं काय. निरगुडीचा पाला शेकून बांधला. तेलं झाली. मग इंजेक्शनं सुरू झाली. एक टोचलं की चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी आगीतून फुफाट्यात. दोन वर्षं अशीच गेली. तोवर उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली ती झालीच.

शेवटी भोरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सरळ सांगितलं, "हे माझ्याकडचं दुखणं नाही. पुण्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि उशीर करू नका." तो एक्स-रे कुठल्याच पिशवीत मावेना. चिमाजींनी मला खुंटीवरून काढलं, लसूण सुपात ओतला, मला झटकलं आणि माझ्यात सगळे कागद भरले. एक्स-रेचं पाकीट माझ्या तोंडातून वीतभर वर डोकावत राहिलं. अशी मी दवाखान्याची पिशवी झाले. माझे बंद हातात धरवत नसत म्हणून सगुणाबाई मला कोपराला अडकवायच्या.

पासलीहून वेल्हे, वेल्ह्याहून मार्गासनीवरून स्वारगेट. पहाटे निघावं तेव्हा दुपारी नंबर लागायचा. त्या डॉक्टरांचं नाव नीरजा. वयानं अश्विनीएवढ्याच असतील. त्यांनी सगुणाबाईंचं एकेक पेर हलकं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, हा संधिवात आहे. तुमच्या हातून काही चूक झाली म्हणून झालेला नाही. राखणीला कुत्रा पाळावा आणि तो घरच्यांनाच चावत सुटावा, तसं शरीराचं होतं. आपण त्या कुत्र्याला आवरायचं औषध देऊ. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही."

औषधांत बाकीच्या गोळ्या रोजच्या होत्या. एक बारीक पिवळी गोळी मात्र आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. "एकच वार ठरवा, कधीही न विसरणारा," डॉक्टर म्हणाल्या.

चिमाजी लगेच म्हणाले, "सोमवार. हिचा उपास आस्तो सोमवारी. तवा न्हाई इसरायचो."

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं. ते इंग्रजीत होतं.

सगुणाबाईंच्या बोटांना पाकिटातून गोळी दाबून काढता यायची नाही. ते काम चिमाजींचं. चिमाजी चौथी शिकलेले, शब्दाला पक्के. दर सोमवारी सकाळी मला खाली घ्यायचे, पिवळं पाकीट काढायचे, गोळी आपल्या तळहातावर घ्यायचे आणि म्हणायचे, "धर, तुजी उपासाची गोळी." महिनाभरात घरात तिचं नावच ते पडलं. सोमवार हा शब्द मागे राहिला आणि उपास तेवढा पुढे आला. हरितालिकेला मंगळवारी आणखी एक गोळी गेली. काही बिघडलं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र आलं होतं. पण पिशवीला तोंड असतं ते फक्त भरायला आणि रिकामं करायला.

औषधाला गुण मात्र आला. भाद्रपदात एका सकाळी सगुणाबाईंनी स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडीतिकडी झाली, पण आपल्या हातानं. त्या दिवशी त्या मला पोटाशी धरून ढसाढसा रडल्या. तेव्हा मलाही रडायला डोळे असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. नवरात्रात बहुतेक बाया उठता-बसता उपास धरतात, म्हणजे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या. सगुणाबाईही तेच करायच्या. पण दुखण्यात त्या मेंगाईदेवीला नवस बोलल्या होत्या, हात मोकळे होऊ दे, नऊच्या नऊ दिवस उपास धरीन. हात मोकळे झाले होते. देवीला दिलेला शब्द मोडायचा कसा?

घटस्थापना सोमवारी होती. नवं पाकीट फोडून चिमाजींनी गोळी दिली. मंगळवारी उपास होता. त्यांनी गोळी दिली. बुधवारी दिली. गुरुवारी दिली. दररोज ते पाकीट माझ्यातून निघत होतं आणि परत येताना त्याचा आणखी एक खळगा रिकामा असे. त्या माणसानं बायकोवर जीव ओतून, वेळ न चुकवता ते औषध दिलं. माझी एखादी गाठ तरी सुटावी, कागद खाली पडावेत, कुणीतरी ते वाचावेत, असं मला फार वाटलं. पण सगुणाबाईंच्या गाठी सुटणाऱ्या नव्हत्या.

पाचव्या माळेला त्यांच्या तोंडात फोड आले. "उपासाची उष्णता," शेजारच्या रतनबाई म्हणाल्या. "शाबुदाना बाधला आसल." साजूक तूप लावलं. सहाव्या माळेला ताप भरला. सातव्या दिवशी पाणी गिळवेना. त्याही सकाळी चिमाजींनी गोळी कुस्करून चमच्यात दिली.

त्याच दिवशी दुपारी अश्विनी देवीची ओटी भरायला माहेरी आली. आईचं तोंड पाहून तिनं हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. मला ओढून घेतलं आणि सगळं जमिनीवर पालथं केलं. पिवळं पाकीट तिनं उजेडात धरलं.

"आप्पा, ह्ये कवा फोडलं?"

"घट बसले त्या दिशी."

"म्हंजी एक गोळी जायला पायजे. हितं सात गेल्यात."

"सातच जानार की," चिमाजी म्हणाले. "सात उपास झाले."

अश्विनीनं मोबाईल काढला आणि डॉक्टर नीरजांना फोन लावला. तिकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला. "ती गोळी आत्ताच्या आत्ता बंद करा आणि मावशींना घेऊन निघा. उद्यावर टाकू नका."

गावातला टेम्पो मिळाला. मागे गोधडी अंथरून सगुणाबाईंना निजवलं. चिमाजी मला मांडीवर घट्ट धरून बसले होते. वेल्हे गेलं, मार्गासनी गेली, त्यांनी मान वर केली नाही. नसरापूरच्या आसपास एकदाच म्हणाले, "म्या माज्या हातानं घातली तिला."

सगुणाबाई अकरा दिवस दवाखान्यात होत्या. रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. उतारा म्हणून इंजेक्शनं दिली, वेगळ्या खोलीत ठेवलं. पहिले चार दिवस डॉक्टरांनी जिवाची खात्री दिली नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. त्या वेळी डॉक्टर नीरजा चिमाजींशेजारी बाकावर येऊन बसल्या. "काका, चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही उपास म्हणालात तेव्हा मी पुढं विचारायला हवं होतं, की उपास अजून कधी कधी असतो. आणि मराठीत लिहून द्यायला हवं होतं." चिमाजींनी हात जोडले. पण ते ऐकत होते असं मला वाटलं नाही.

जीव वाचला. घरी आल्या. पण ते औषध थांबलेलं, तेव्हा कार्तिकात दुखणं पुन्हा अंगावर आलं. पेरं सुजली. वेणी पुन्हा शेजारीण घालू लागली. डॉक्टरांनी रक्त दोनदा तपासलं आणि तीच पिवळी गोळी कमी ताकदीची करून पुन्हा सुरू करायची ठरवली. आता कागदावर ठळक मराठीत लिहिलं होतं, फक्त सोमवारी. सगुणाबाई तयार झाल्या. चिमाजी तयार होईनात.

"माज्या हातनं न्हाई," ते म्हणाले. "अश्विनीला बोलवू."

"दर सोमवारी भोंगवलीहून यील व्हय ती? तिची पोरं, तिची गुरं?"

"मग रतनबाईला सांग. म्या त्या पिशवीला हात लावनार न्हाई."

आणि खरंच लावला नाही. पहिला सोमवार तसाच गेला. बाकीच्या गोळ्या रतनबाई काढून द्यायच्या. पिवळ्या गोळीला त्याही घाबरल्या. माझ्या पोटात औषध पडून होतं आणि घरात दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती. इतका जड भार मी बटाट्यांचाही वाहिला नव्हता.

दुसऱ्या सोमवारी सकाळी चिमाजी ओट्यावर बसले होते. सगुणाबाईंनी मला कोपराला अडकवलं, दुसऱ्या हातात ताटली घेतली आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या. ताटलीत भाकरी आणि पिठलं होतं. त्यांनी वाकड्या बोटांनी भाकरीचा तुकडा कसाबसा मोडला आणि तोंडात घातला.

चिमाजी बघत राहिले. "अगं, सोमवार हाय आज."

"म्हाईत हाय."

"उपास तुजा."

"सोडला म्या. लगीन झाल्यापास्नं करत आले, आता सोडला." त्यांनी घास गिळला. "देवाला सांगितलंय. आता गोळीचा आन् उपासाचा संबंध न्हाई. निस्ता वार उरला. वार तुमी चुकायचे न्हाई. अवो, मला दुसऱ्या कुनाच्या हातची नको."

त्यांनी तळहात पुढे केला. चिमाजींनी माझ्यात हात घातला, कागद काढला, बोट ठेवून मोठ्यानं वाचला, आणि गोळी दाबून काढली. मग ती सगुणाबाईंच्या तळहातावर ठेवली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, "रोग शांत झाला आहे, मावशी. गेला नाही, झोपला आहे. तेव्हा गोळी आणि तपासणी चालू ठेवायची." करंगळी वाकडी ती वाकडीच आहे, पण भाकरी थापली जाते.

मित्रांनो, मी अडाणी पिशवी, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच सांगते. तुमच्या घरी कुणाची औषधं असतील तर अधूनमधून ती जमिनीवर ओतून बघा. कुठली, कशासाठी, कुठल्या दिवशी, हे विचारा. डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला विचारा, आणि पुन्हा विचारा. मायेनं दिलेलं औषधही चुकू शकतं, आणि चुकलेल्या माणसाला मग मायेनंच जवळ घ्यावं लागतं. मी जे सांगू शकले नाही ते तुम्हाला तोंड आहे म्हणून सांगता येईल.

आमचे चिमाजी आता दर सोमवारी सकाळी ओट्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "आज सोमवारच ना रं?" पोरं हसतात. काही तर मुद्दाम मंगळवार म्हणतात. चिमाजी चिडत नाहीत, तीन माणसांनी सोमवार म्हणेपर्यंत विचारत राहतात. मग आत येऊन पाकीट माझ्यातून काढतात आणि ते सगुणाबाईंच्या हातात देतात. आता गोळी त्या स्वतःच्या बोटांनी दाबून काढतात, आणि तरीही आधी ती चिमाजींच्या तळहातावर ठेवून मग तिथून उचलतात.