अर्ध्या सेंटीमीटरची चोरी

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असते ना, ती मोजायची टेप. आणि आधीच ओरडून सांगते, आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर मला उकळत्या पाण्यात बुडवा आणि वर पिळून वाळत घाला. मला छाती नाही, नाहीतर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. हातही नाही म्हणा.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब पट्टीवर पिवळा रंग चढवला, एका अंगाला इंच छापले, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर, आणि गुंडाळी करून मला डबीत बसवलं. दुकानातल्या वीस टेपांमधून टेलरकाकूनं मलाच उचललं. तेव्हापासून आजपर्यंत, तीस वर्षं, मी तिच्याच गळ्यात आहे. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण गल्लीत पोस्टमनसुद्धा तिला टेलरकाकूच म्हणतो.

काय काय मोजलं नाही मी! जुळ्या बाळांची अंगडी मोजली, नवऱ्यामुलांचे कोट मोजले. एकदा एक पहिलवान आला. त्याच्या छातीला मी पुरलेच नाही. काकू म्हणाली, "जरा श्वास सोडा बघू." त्यानं सोडला, तर समोरचा पडदा दांडीसकट खाली आला! हसू नका, तो पडदा मी स्वतः मोजलेला होता. लोक म्हणायचे, "काकूच्या हातचा कपडा म्हणजे अंगावरच शिवल्यासारखा." काकू मला बोटाभोवती गुंडाळत म्हणायची, "सगळी हिची करामत." मी फुगून जायचे. मित्रांनो, तेच फुगणं मला नडलं.

काकूला पन्नाशीत सायकलचं वेड लागलं. दर रविवारी दहा-बारा बायका मिळून लांब जायच्या. वर्षातून एकदा मोठी फेरी असायची, डोंगरावरच्या खिंडीपर्यंत. खिंडीत एक उंच दगड आहे. त्याला हात लावला की फेरी पुरी. मागून एक गाडी यायची, दमलेल्यांना उचलायला, आणि ती चालवायची काकूची थोरली नणंद.

गेल्या वर्षी काकू कापडी बूट घालून गेली होती. चढावर तिच्या पायांना मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली, आणि शेवटी तिला सायकल गाडीवर टाकून आत बसावं लागलं.

नणंद म्हणाली, "ये गं वहिनी. पुढच्या वर्षी घरून उशीच घेऊन ये, म्हणजे बसायला बरं."

गाडीतल्या सगळ्या हसल्या. काकूही हसली, पण तिनं मला बोटाभोवती करकचून आवळलं. त्या दिवशी मला गळ्यातून काढायचं ती विसरली होती ना.

ती म्हणाली, "वन्सं, पुढच्या वर्षी तुमच्या गाडीत बसले, तर ही सायकल तुमची."

नणंदेचा त्या सायकलवर पहिल्यापासून डोळा. ती म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय हं!"

वर्षभर काकूनं मांड्या भरून येईस्तोवर सराव केला. फेरीला तीन आठवडे उरले तेव्हा तिची लेक म्हणाली, "आई, तुला सायकलचे खास बूट हवेत. तळ कडक असतो, खालच्या कडीनं पेडलला अडकतात. आपल्याकडे मिळत नाहीत, ऑनलाइन मागवू. पाय किती सेंटीमीटर आहे सांग."

काकू शिलाई मशीनच्या स्टुलावर बसल्या बसल्या वाकली, मला उजव्या पायाला लावलं आणि मशीन चालवता चालवता म्हणाली, "चोवीस. त्यात दोन सेंटीमीटर सैल धर."

"सैल कशाला?"

"अगं, प्रत्येक मापात थोडं सैल धरतातच! नाहीतर माणूस हात वर कसा करणार?"

"आई, पाय हात वर करत नाही."

पण तीस वर्षांची सवय, ऐकतेय कुठली! एक्केचाळीस नंबरचे बूट आले. काकूनं पाय घातला आणि टाच वर उचलली, तर बूट जमिनीवरच राहिला. लेक म्हणाली, "यातून दुधाची बरणी नेता येईल."

दुसऱ्या वेळी लेकीनं सगळं रीतसर केलं. संध्याकाळची वेळ धरली, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सायकलवर घालायचे तेच मोजे घालायला लावले. टाच भिंतीला टेकवून आईला उभं केलं, म्हणजे अंगाचं वजन पायावर येऊन पाय पसरतो. दोन्ही पाय मोजले. डावा मोठा निघाला, मग तोच धरला. टाचेपासून लांबातल्या लांब बोटापर्यंत मला ताणलं आणि वाचलं, चोवीस पूर्णांक एक. कंपनीच्या तक्त्यात त्यापुढे अडतीस नंबर होता. सैलबिल काही नाही. बूट बदलून मागवले.

अडतीस आले. काकूनं पाय कोंबला. बोटं पुढे आदळली. तळ कडक, तो तसूभरही वाकेना. दहा मिनिटांत अंगठा लालबुंद.

लेक रडकुंडीला आली. "आई, सगळे नियम पाळले गं मी! आता बदलून नाही मिळणार, ते एकदाच देतात. हे परत पाठवून नवीन मागवता येतील, पण ते फेरीच्या आदल्या दिवशी पोचतील. तेही चुकले तर संपलं."

नेमकी तेव्हाच नणंद दारात. खुर्चीत बसत म्हणाली, "जाऊ दे ना वहिनी. सायकलची चेन तेवढी पुसून ठेव माझ्यासाठी."

काकूनं ते बूट काढून शेजारी नीट ठेवले. ती अशी शांतपणे आवरायला लागली की समजायचं, बाईनं कंबर कसली. मग म्हणाली, "चूक पायाची नाही. चूक मापाची आहे. आण तो कटिंगचा कागद."

कागद भिंतीला लावून जमिनीवर पसरला. काकू त्यावर उभी राहिली. लेकीनं पेन्सिल अगदी सरळ धरून पायाभोवती रेघ मारली आणि दप्तरातली स्टीलची पट्टी लावली.

"चोवीस पूर्णांक सहा."

"परत लाव."

"चोवीस पूर्णांक सहाच आहे, आई."

दोघी थांबल्या. मग हळूच दोघींची नजर माझ्याकडे वळली. मित्रांनो, त्या क्षणी मला मशीनच्या खणात जाऊन लपावंसं वाटलं. काकूनं मला त्या स्टीलच्या पट्टीशेजारी आडवं केलं. तीस वर्षं ओढून ओढून मी सैल पडले होते. माझे आकडे एकमेकांपासून लांब गेले होते. एका पावलात मी अर्धा सेंटीमीटर खात होते, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

नणंदेनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे तीस वर्षं तू अख्ख्या गल्लीला चुकीचे कपडे घातलेस?"

काकूनं क्षणभर विचार केला आणि खो खो हसत सुटली. "नाही वन्सं! हिनंच अंग मोजलं आणि हिनंच कापड मोजलं. दोन्हीकडे सारखंच खोटं बोलली, म्हणून सगळं बरोबर बसलं. बूट मात्र परक्या कारखान्यात झालाय. त्याला हिचं खोटं काय माहीत?"

मला वाटलं, आता रवानगी कचऱ्यात. पण काकूनं मला परत गळ्यात टाकलं. तिच्या वहीतली सगळी गिऱ्हाइकांची मापं माझ्याच हिशोबानं लिहिलेली होती ना! ती एवढंच म्हणाली, "घरात तू. घराबाहेर ही पट्टी."

एकोणचाळीस मागवले. शनिवारी दुपारी आले. काकूनं मोजे चढवले, बूट आवळले. बोटं आत हलत होती. चवड्यांवर उभी राहिली, तरी टाच बुटात घट्ट. कडीतून पाय सोडवायचा सराव करताना ती दोनदा कुंडीवर पडली. कुंडी गेली, काकू शाबूत.

रविवारी घाईत मला गळ्यातून काढायचं ती याही वर्षी विसरली, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. चढ सुरू झाला. गाडी मागून गुरगुरत होती. नणंद खिडकीतून कोपर काढून म्हणायची, "वहिनी, दार उघडंच ठेवलंय हं!" गेल्या वर्षीचं वळण आलं. काकूनं बुटातली बोटं हलवून पाहिली. दहाच्या दहा जागी होती, मुंग्या नाहीत, काही नाही. ती दात आवळून पेडल मारत राहिली, एकदाही पाय न टेकता, थेट खिंडीतल्या दगडापर्यंत. दगडाला तिनं दोन्ही हात लावले.

नणंद गाडीतून उतरली. तिनं वाकून काकूचे बूट निरखले. मग हळू आवाजात म्हणाली, "कितीचा नंबर म्हणालीस?"

"एकोणचाळीस. पण तो माझा नंबर आहे, वन्सं. तुम्ही उद्या संध्याकाळी या, मी कागद पसरून ठेवते."

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातल्या जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिला वर्षातून एकदा तरी खऱ्या पट्टीशेजारी निजवून बघा. आम्ही मुद्दाम खोटं बोलत नाही हो. ओढून ओढून सैल पडतो, आणि कुणी सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही.

आणि आता बोललेच आहे, तर एक कबूल करते. पहिलवानाचा श्वास खरा, पडदा खरा, सगळं खरं. फक्त ते "एकदाही पाय न टेकता" आहे ना, ते मी पदरचं घातलं. तिनं दोनदा पाय टेकला. पाय दुखत नव्हते, दमच संपला होता. दुसऱ्यांदा तर ती गाडीला टेकून उभी राहिली, आणि दार खरंच उघडं होतं. तिनं आत एकदा बघितलं, मग हात लांब केला आणि ते दार बाहेरून लावून टाकलं.