आपलं दुखणं, आपलं तोंड

आण्याहून जुन्नरला निघालेल्या एसटीत द्रौपदाबाई नवं लुगडं नेसून अशा ऐटीत बसल्या होत्या, जणू माहेरालाच निघाल्या. निघताना सून अश्विनी ओरडली होती, "अवो आत्या, डाक्तर फोनवर दिसतो की!"

दिसतो हो! पण फोन धरणार अश्विनी, अन् डॉक्टरनं विचारलं की उत्तरही तीच देणार : आत्या जेवतात, झोपतात, सगळं बरंय. द्रौपदाबाईंनी नुसती जीभ दाखवायची!

जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, आजी?"

द्रौपदाबाईंनी सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी कुणीच नव्हतं! त्यांनी पदर खोचला अन् खुर्चीवरच मांडी घातली.

"लई काय काय व्हतंय, डाक्तर," त्या हरखून म्हणाल्या, "पयल्यापासनं सांगते."