नोटीस घेतली कोणी?

या, सरकून जवळ बसा. आपल्या रांझीतलीच एक गोष्ट सांगतो.

तुळशीराम फॅक्टरीतून रिटायर झालेले, आमच्या कीर्तनात टाळ धरणारे. दोन वर्षांमागच्या जानेवारीत ते गेले. वर्षभरानं राधावहिनींच्या दारात कोर्टाचं समन्स आलं. वसुली कंपनीचं म्हणणं, नवऱ्यानं दोन लाख उचलले, फेडले नाहीत. आता वारसानं भरावेत.

वहिनींना पैशाहून दुसरंच खुपलं. भाजीतली कोथिंबीर महाग पडली तरी घरी येऊन सांगणारा माणूस, त्यानं हे काहून लपवलं? आणि कोणासाठी? त्यांनी कपाट उपसलं, जुन्या शर्टांचे खिसे उलटे केले. कीर्तनाला येणं सोडलं. मी बोलवायला गेलो, तर दारातच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं न? दोघं मिळून काय करून राहिले होते?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं, तुळशीराम, केलंस की काय बाबा?

वहिनींच्या बाजूनं श्रीपाद वकिलांनी कंपनीकडून कागद मागवले. कराराची झेरॉक्स आली, सही हुबेहूब. वहिनींचा चेहरा उतरला.

वकील म्हणाले, "काकू, झेरॉक्सवर भागत नाही. ओरिजिनल येऊ द्या."

तारखेला ओरिजिनल आलंच नाही. कंपनीचा वकील उलट वहिनींनाच म्हणाला, "माताजी, कर्ज झूठा था तो आपके पति ने नोटिस क्यों लिया?" आणि त्यानं पावती पुढे केली. तुळशीरामांनी राहत्या घरी, स्वतःच्या हातानं वसुलीची नोटीस घेतली, तारीख आदल्या वर्षीची अठरा जानेवारी. खाली तीच हुबेहूब सही.

वहिनींनी तारीख दोनदा वाचली. पदर सावरून उभ्या राहिल्या.

"साहब, अठरा को तो उनकी तेरहवीं थी! साठ लोग आंगन में खाना खा रहे थे. नोटिस किसके हाथ में दिया?"

मृत्यूचा दाखला फायलीत होताच. कंपनीनं ओरिजिनल करारासाठी आणखी तीन तारखा घेतल्या, आणला नाही. दावा खारीज झाला.

बाहेर मी म्हणालो, "चला, सुटलात वहिनी."

"कुठली सुटते, भाऊजी? मेलेल्या माणसाची सही करणाऱ्यांनी जित्या माणसाचीही केलीच असंल. अन् मी मात्र त्यांनाच चोर समजली."

मीही तसंच समजलो होतो. म्हणून एवढंच मागणं, देवापुढं हात जोडाल तेव्हा आमच्या तुळशीरामाची आठवण ठेवा.