पैलवानाचा तळहात

पैलवानाने दगड उलटा केला आणि झटकन मागे सरकला. खाली ओलसर माती, एक गोगलगाय, बाकी काही नाही. त्याने सुटकेचा श्वास टाकला.

"घाबरता की काय, दादा?" कोळी-किड्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी मातीवरची नजर न काढता विचारलं.

"छे हो, मॅडम."

छे कसलं! खाणीतला सगळ्यात धिप्पाड गडी हा; घण उचलला की लोक बघत राहायचे. पण न्हाणीघरात कोळी दिसला की अंगावरच्या साबणासकट बाहेर पळायचा आणि बायको हसत हसत झाडू घेऊन आत जायची. हे कळल्यापासून दोस्तांनी चेष्टेने त्याचं नावच पैलवान पाडलं होतं. आणि मालकाने नेमकं त्यालाच बाईंच्या सोबतीला धाडलं होतं.

"डोळे उघडे ठेव," मालक म्हणाला होता. "बाई शोधतायत तो किडा या उतारावर निघाला तर सरकार खाण बंद करणार. मग बसा सगळे घरी."

घरी तरी कुठलं बसणार? राहती खोलीही खाणीचीच. सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली होती, "काही निघालं नाही म्हणजे मिळवली." धाकटी लेक तिच्या कडेवर झोपेतच होती.

बाईंनी चित्र दाखवलं होतं. मसुराच्या दाण्याएवढी कोळीण, मातकट, पाठीवर फिकट पट्टा. ही जाळं विणत नाही. खड्यांच्या आडोशाला बीळ करून राहते, आणि या डोंगराबाहेर अजून कुणालाच दिसलेली नाही.

"एवढाच कोपरा राहिला," बाई म्हणाल्या. "इथे नसेल, तर कुठेच नाही."

पैलवान दमून खाली टेकला. आणि त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, दोन खड्यांच्या फटीतून ती बाहेर आली. पाठीवर पट्टा, मागे चिकटलेली अंड्यांची पांढरी पिशवी.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावंसं वाटलं, पळावंसं वाटलं. पण बाई इकडेच वळत होत्या. त्याने डोळे गच्च मिटले आणि तिच्यावर हात पालथा घातला.

ती आत धावू लागली. बारीक पाय तळव्याला लागत होते, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी त्याच्या मानेपर्यंत काटा येत होता. जरासं दाबलं की काम झालं. पण ते चिरडलेलं हाताला लागेल, या विचारानेच त्याला मळमळलं. दाबवेना, आणि हात उचलायची तर सोयच नव्हती.

"दादा, घाम केवढा आलाय! बरं नाही का?"

"ऊन लागलं थोडं."

"मग चला. नाही माझ्या नशिबात." बाईंनी रिकाम्या डब्या पिशवीत भरल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

तळव्याखालची हालचाल थांबली.

पैलवानाने वाट पाहिली. एक बोट किंचित हलवून पाहिलं. काहीच नाही. मेली की काय? अरे, हेच तर हवं होतं ना? मग आता छाती का धडधडतेय? बाई उतार उतरायला लागल्या होत्या.

"मॅडम!" आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "जरा बघता का... जिवंत आहे का ती?"

बाई थबकल्या. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. त्या परत आल्या आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या.

"हात उचला," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्हीच उचला," पैलवान म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.