लाइलच्या बुटांना लावलेलं तेल

लाइलने बूट उलटा धरला आणि दोन बोटांनी तळवा ओढून दाखवला. पुढून अर्ध्यापर्यंत सुटलेला तो तळवा मगरीच्या जबड्यासारखा उघडला आणि मिटला.

"ओह," राजाराम मेश्राम म्हणाला. अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे कायमचं राहायला आल्यापासून हा एक उद्गार त्याला अगदी इथल्या माणसासारखा जमायला लागला होता. आनंद, शोक, हवामान, सगळीकडे चालायचा. आज मात्र तो अर्धाच बाहेर आला.

लाइल शेजारचा. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, धिप्पाड, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. राजारामचं इंग्रजी नागपूरच्या एसटी वर्कशॉपातलं. त्यात गिअरबॉक्स होता, क्लच होता, क्रियापदं फारशी नव्हती. तरी दोघांचं जमायचं. लाइलला ऐकणारा हवा होता आणि राजारामला न बोलता बसायला जागा.

आता लाइल कोलोरॅडोची हकीकत सांगत होता. तो तिथे एल्कच्या शिकारीला गेला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. त्याचा परवाना सोडतीत लागावा म्हणून लाइलने अर्धं म्हातारपण वाट पाहिली होती. आणि तिथे, उंच डोंगरावर, पहिल्याच पहाटे त्याचे बूट पांढरे झाले. बर्फाने नव्हे. नखाने खरवडलं की मेणासारखं निघायचं. गाइडने नाक वर केलं आणि विचारलं, केक कोण खातंय? एल्कला माणसाचा वास लांबून लागतो म्हणून लोक बिनवासाच्या साबणाने आंघोळ करून डोंगर चढतात, आणि लाइल चढला तो नारळाच्या वडीसारखा घमघमत. एल्क दिसले, पण पाठमोरे. मग पाणी आत शिरलं, मोजे भिजले, आणि शेवटी दगडांच्या उतारावर उजव्या बुटाचा तळवा सुटला. लाइल घसरला, घोटा मुरगळला. बूट चिकटपट्टीने गुंडाळून, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो खाली आला. तळाशी हॉटेलात सगळ्यांनी त्याला सूप पाजलं. तेही नारळाचं निघालं, असं तो म्हणाला. पण हा भाग त्याने रचला असावा.

"नवल म्हणजे," लाइल म्हणाला, "मी या बुटांना काय लावलं होतं, तेच मला आठवत नाही."

राजारामला आठवत होतं. खोबरेल. अर्धी बाटली. कोमट करून.

त्याचं झालं असं. मागचा अख्खा हिवाळा लाइलने आपल्या दारातला बर्फ काढता काढता मशीन तसंच पुढे ढकलत मेश्रामांच्या दारातलाही बर्फ काढला होता, कुणी सांगितलं नसताना. दुसऱ्याचे उपकार उशाशी घेऊन झोपणं राजारामला जमत नसे. उन्हाळा संपता संपता लाइलने गराजमध्ये त्याला ते बूट दाखवले. जाड चामड्याचे, घोट्याच्या वर चढणारे, डोंगरातल्या शिकारीसाठीच केलेले. तक्रार एकच होती. बोटांपाशी बूट वाकतो तिथे चामड्याला बारीक चिरा पडल्या होत्या आणि पाणी झिरपत होतं. मेण लावून झालं होतं, फवारे मारून झाले होते. राजारामने अंगठ्याने चामडं दाबून पाहिलं. कोरडं, ताठ, कुरकुरणारं. ज्या माणसाने आयुष्यभर कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल घातलं, एसटीच्या स्प्रिंगांचे पाटे, दाराच्या बिजागऱ्या, बायकोचं शिलाई मशीन, एकदा तर बारशाला गेला असता तिथला पाळणा, त्याला निदान करायला कितीसा वेळ लागणार? नागपुरात तो पावसाळ्याआधी आपल्या चपलांनाही खोबरेल चोळायचा, आणि त्या चपला टिकायच्या.

गराजचं दार उघडंच असे. लाइल आणि त्याची बायको कॅरल चर्चला गेले की राजाराम वाटी घेऊन जायचा आणि बाळाच्या टाळूवर थापावं तसं तेल शिवणीशिवणीत जिरवायचा. लाइलला सांगितलं नाही. सांगून केलं तर ती परतफेड, न सांगता केलं तर ते दान, असं त्याचं मत.

नागपूरच्या उन्हात जे तेल असतं त्याची कोलोरॅडोच्या थंडीत साबणाची वडी होते. अशा बुटांचा तळवा शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. आणि तेलाने चिकटलेलं सुटतं. या तिन्ही गोष्टी राजारामला वेगवेगळ्या माहीत होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

"बाबा, प्लीज. काही बोलायचं नाही," त्या संध्याकाळी आयुष म्हणाला. राजारामचा हा मुलगा विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायचा आणि जगातल्या प्रत्येक घटनेकडे क्लेम म्हणून बघायचा. "त्याचा पाय इंज्युअर झालाय. इथे लोक सू करतात, कोर्टात खेचतात. तुम्ही न विचारता त्याच्या गराजमध्ये गेलात हेच आधी इल्लीगल आहे."

"तेल घेऊन गेलो होतो रे, कोयता घेऊन नाही."

"ते कोर्टात नका सांगू."

सून हर्षिताने सुचवलं की नवे बूट आणून गुपचूप त्याच्या दारात ठेवू या. निनावी बूट दिसले तर लाइल पोलिसांना फोन करेल, असं आयुषला वाटलं. बरीच चर्चा झाली आणि काहीच करायचं नाही यावर दोघांचं एकमत झालं. रत्नाबाई इतका वेळ मेथी निवडत होत्या.

"अजी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "डोक्याला तेल पुरत नाही म्हणून मी थेंब थेंब घेऊन राहिली, अन् तुम्ही बुटाची मालिश करून राहिले?"

सकाळी बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणताना राजाराम चौथ्या शीलापाशी आला, खोट्यापासून दूर राहायच्या, की खोकायचा. पहिल्यांदा रत्नाबाईंनी पाणी दिलं. नंतर नुसतं बघू लागल्या. मनाची समजूत घालायला त्याने पहिलं शील पुढे करून पाहिलं. जीवहत्या टळली. कोलोरॅडोत आज एक एल्क सुखाने चरतोय तो आपल्या तेलामुळे. पण एल्क काही साक्षीला येणार नव्हता. आपण खोटं बोललोच कुठे, फक्त गप्प बसलो, असंही त्याने मनाशी म्हणून पाहिलं. ते वाक्य हुबेहूब आयुषच्या आवाजात ऐकू आलं.

निभावलंही असतं कदाचित. बुटांच्या कंपनीला शिव्या बसल्या असत्या, घोटा बरा झाला असता. पण लाइलने कंपनीला शिव्या दिल्याच नाहीत. तो स्वतःलाच तपासत बसला. आपण बुटांना काहीतरी लावलं, ते साफ विसरलो, तर आणखी काय काय विसरलो असू? एके दिवशी कॅरल हर्षिताकडे येऊन रडली. शिकारीला जायच्या आधीच लाइल नेहमीच्या दुकानातून घरी येताना रस्ता चुकला होता, शेगडी चालू ठेवून अंगणात गेला होता. पण वयच झालंय असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. बुटांनंतर मात्र तो स्वतःच डॉक्टरकडे जायचं म्हणायला लागला. कॅरलच्या भावाने येऊन बंदुका नेल्या. ट्रकच्या किल्ल्या कॅरलने आपल्या पर्समध्ये ठेवल्या. आता लाइल जागेवर उभा असलेला ट्रक रोज धुवायचा.

"माझ्या वडिलांचं असंच झालं," ट्रक पुसता पुसता तो राजारामला म्हणाला. "आधी वस्तू विसरले. मग आम्हाला."

राजाराम घरी येऊन खुर्चीत बसला. जेवणाला हाक मारली तरी उठला नाही. रत्नाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"माणूस स्वतःला वेडा समजून राहिला," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही एक वाक्य खिशात घालून बसून राहिले. जा ना जी. मी येऊ काय संगं?"

"नको. तू आली तर तूच बोलशील."

वाक्य एकच होतं, पण इंग्रजीत त्याची चार वाक्यं झाली. राजारामने ती न्हाणीघरात आरशासमोर म्हणून पाहिली. आरशातला माणूस काही माफ करेलसा वाटला नाही. मग तो पायांत सापडतील त्या चपला घालून, थंडीत, तसाच शेजारी गेला. लाइल अजून ट्रकच पुसत होता.

"लाइल. आय पुट ऑइल," तो म्हणाला. "कोकोनट ऑइल. युवर बूट. माय हँड."

लाइलने हातातलं फडकं बादलीत टाकलं. त्याने पुन्हा विचारलं, राजारामने पुन्हा सांगितलं, या वेळी चोळायचा अभिनय करून. लाइल बराच वेळ त्या चोळणाऱ्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. तो हसला, इतका हसला की ट्रकला धरून उभं राहावं लागलं. केक, तो म्हणाला, केक, आणि डोळे पुसले.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नो. यू नॉट फर्गेट."

लाइलने कॅरलला हाका मारून बाहेर बोलावलं. तिने ओले हात पुसत सगळं ऐकलं, तीही हसली, आणि जाताना राजारामचा दंड क्षणभर घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांत काय होतं ते राजारामने पाहिलं नाही. तो हलका झाला होता, आणि हलक्या झालेल्या माणसाला फार बारकाईने दिसत नाही.

"सू करणार का?" आयुषने विचारलं.

"हसला."

"ते रायटिंगमध्ये घेतलं का?"

दुसऱ्या दिवशी पंचशील न खोकता झालं. ऊन पडलं होतं म्हणून राजाराम बाहेर आला. लाइल गराजच्या तोंडाशी बादली पालथी घालून बसला होता. मांडीवर तो बूट होता.

"राजा, जरा इकडे ये," तो म्हणाला. "हे शिवणीत पांढरं काय आहे सांग पाहू. मी लावलंय खरं, पण काय लावलं ते काही केल्या आठवेना."

थट्टाच ती, असं समजून राजारामने हसायला तोंड उघडलं. लाइल हसत नव्हता. कपाळाला आठ्या घालून तो ती शिवण नखाने खरवडत होता. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत कॅरल उभी होती. नळ सोडलेला होता, पण तिच्या हातात भांडं नव्हतं.

आता राजारामला गप्प बसता आलं असतं. कायद्याची, पोराची, कुणाचीच हरकत नव्हती. कालची कबुली काल दिली होती, आणि आज ती जगात कुठेच नव्हती. इतकी स्वच्छ सुटका देवालाही देता आली नसती. आणि राजाराम तर देव मानतही नव्हता.

त्याने दुसरी बादली ओढली, पालथी घातली आणि लाइलच्या शेजारी बसला.

"आय पुट ऑइल," तो म्हणाला. "कोकोनट ऑइल. माय हँड." आणि अंगठा चोळून दाखवला.

लाइलचं पोट हलायला लागलं. तो कालच्याइतकाच हसला, केक म्हणाला, डोळे पुसले. मग त्याचा चेहरा काल उजळला होता तसाच, तिळभरही कमी नाही, उजळला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

या वेळी उत्तर देण्याआधी राजाराम खोकला. वाक्य पाठ होतं, तरीही.

"नो," तो म्हणाला. "यू नॉट फर्गेट."

खिडकीतल्या कॅरलने नळ बंद केला.